पहिलं कॅरेक्टर निवडताना हाताकडे बघा

'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम सुरू केला की पहिल्याच पडद्यावर दहा जण उभे असतात. व्हॅगाबॉन्ड, वॉरियर, हीरो, बँडिट, अ‍ॅस्ट्रॉलॉजर, प्रॉफेट, सामुराई, प्रिझनर, कन्फेसर आणि अंगावर धड कपडेही नसलेला रेच. यातला एक निवडायचा आणि पुढचे कित्येक आठवडे त्याच्यासोबत काढायचे. गेमने अजून काहीही शिकवलेलं नसतं, कुठल्या बटणाने काय होतं तेही माहीत नसतं, आणि सगळ्यात अवघड प्रश्न आधीच समोर ठेवलेला असतो. घरातली, ऑफिसमधली पोरं मला इथूनच फोन करतात. "ताई, कुठला घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. सगळ्यात ताकदवान कोण, हे विचारू नका. अंगावर कुणी धावून आलं की तुमचा हात आपोआप काय करतो, ते बघा आणि त्याला साजेसा गडी घ्या.

नाशिकमध्ये अंबडच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज हातात असतात, त्यामुळे आकडे दिसले की मांडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. या दहा जणांचेही मी वहीत मांडले. प्रत्येकाला आठ गुण असतात : व्हिगर (जीव, म्हणजे किती मार सोसता येतो), माइंड (मंत्रशक्ती), एन्ड्युरन्स (दम), स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), इंटेलिजन्स (जादूची बुद्धी), फेथ (श्रद्धा) आणि आर्केन (गूढशक्ती). रेच लेव्हल १ ला सुरू होतो आणि त्याचे आठही गुण १०, म्हणजे बेरीज ८०. व्हॅगाबॉन्ड लेव्हल ९ चा, त्याची बेरीज ८८. अ‍ॅस्ट्रॉलॉजर लेव्हल ६ ची, बेरीज ८५. कन्फेसर लेव्हल १०, बेरीज ८९. कुणाचीही बेरीज घ्या, लेव्हल वजा करा, उरतात ७९. गेम बनवणाऱ्यांनी कुणाला एक पॉइंटही फुकट दिलेला नाही की कुणाचा कापलेला नाही. हे बघून मला मनापासून आनंद झाला होता. इतकं चोख काम रोज बघायला मिळत नाही.

म्हणजे फरक आहे तो पॉइंट कुठे ठेवलेत याचा. व्हॅगाबॉन्डचा व्हिगर १५, दहांमध्ये सर्वांत जास्त. अ‍ॅस्ट्रॉलॉजरचा ९, सर्वांत कमी. तिच्याकडे त्या बदल्यात इंटेलिजन्स १६ आहे. हीरोची स्ट्रेंग्थ १६, वॉरियरची डेक्स्टेरिटी १६, प्रॉफेटचा फेथ १६. पुढे चाळीस-पन्नास लेव्हल चढल्यावर हे फरक जवळजवळ पुसले जातात. व्हॅगाबॉन्डला जादूगार बनवता येतं, अ‍ॅस्ट्रॉलॉजरच्या हातात भली मोठी तलवार देता येते. मग क्लास, म्हणजे या दहांतला निवडलेला गडी, नेमकं ठरवतो काय? पहिले काही तास. हातात काय घेऊन बाहेर पडता आणि किती फटके सोसता, एवढंच. पण गेम सोडून देणारे लोक याच तासांत सोडतात, म्हणून मी या निवडीला इतकं महत्त्व देते.

मागच्या पावसाळ्यात मावसभावाने सेकंडहँड पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, घेतला. तो सातपूरच्या आयटीआयला टर्नर ट्रेड करतो, मावशीकडे सिडकोत राहतो. रविवारी मी गेले तेव्हा पाथर्डी फाट्यापासूनच धो धो पाऊस होता, पांडवलेणीचा डोंगर ढगात गडप झालेला. टीव्हीवर तोच दहा जणांचा पडदा, आणि भावाचं सामुराई घ्यायचं ठरलेलं. मित्रांनी सांगितलं होतं, व्हिडिओतही सगळे तेच सांगत होते. सामुराई वाईट मुळीच नाही. उचिगाताना नावाची सुरेख तलवार, लांब पल्ल्याचं धनुष्य आणि साध्या बाणांसोबत पेटते बाणही सुरुवातीलाच मिळतात. पण तो मोकळ्या अंगाने लढणारा गडी आहे. वार आला की बाजूला लोळायचं, संधी साधून दोन घाव घालायचे, परत लोळायचं. त्याच्याजवळची छोटी ढाल सगळा मार अडवत नाही.

मी म्हटलं, "घे सामुराई, पण आधी केव्ह ऑफ नॉलेजपर्यंतच खेळ. मग परत ये आणि दुसरा घेऊन तेवढंच खेळ."

ही जागा बरेच जण चुकवतात, म्हणून सविस्तर सांगते. गेमच्या सुरुवातीला एक भलामोठा बहुहाती राक्षस येऊन तुम्हाला मारतो. तिथे हरणं ठरलेलंच असतं, मनाला लावून घेऊ नका. त्यानंतर तुम्ही एका गुहेत जागे होता. थोडं पुढे खुर्चीत बसलेलं एक भूत दिसतं आणि त्याच्याजवळ खाली खड्डा. त्या खड्ड्यात उडी मारायची. खाली मारणं, अडवणं, लपून जाणं, लोळणं सगळं हळूहळू शिकवतात आणि शेवटी सोल्जर ऑफ गॉड्रिक नावाचा एक साधा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, भेटतो. स्वतःचा हात ओळखायला याहून चांगली जागा अख्ख्या गेममध्ये नाही. मार कमी बसतो, वेळ फार जात नाही आणि तुमच्या सवयी उघड्या पडतात.

मी टीव्हीकडे न बघता भावाच्या बोटांकडे बघत होते. सैनिकाने तलवार उचलली की त्याचा डावा अंगठा कंट्रोलरची काठी मागे ओढायचा आणि डाव्या हाताचं बोट ढालीच्या बटणावर जायचं. लोळायचं बटण तो वार बसून गेल्यावर दाबायचा. दर वेळी तेच. मावशी दारात पोळ्यांचं पीठ हाताला लागलेल्या अवस्थेत उभी होती. ती म्हणाली, "अगं, हा मागेच सरकतोय की. लहानपणापासून असाच. शेजारचं कुत्रं भुंकलं की पहिला दाराआड. आणि मग दाराच्या फटीतून काठी घालायचा."

झालं, माझं काम मावशीने केलं. मी त्याला व्हॅगाबॉन्ड घ्यायला लावला. त्याची हीटर शील्ड शस्त्राचा मार शंभर टक्के अडवते. हातात लाँगस्वर्ड, जोडीला हॅलबर्ड, अंगावर लोखंड. आणि ढालीवर वार झेलल्या झेलल्या जोरकस हल्ल्याचं बटण दाबलं की गार्ड काउंटर बसतो, समोरचा कोलमडतो. दाराआडून काठी घालणाऱ्यासाठी याहून योग्य डाव कुठला? पहिला गार्ड काउंटर बसला तेव्हा भाऊ जागच्या जागी उठून उभा राहिला. त्याच सैनिकाशी, त्याच खोलीत, त्याच बोटांनी तो आता जिंकत होता. ढाल धरून बसणारा म्हणजे भित्रा, असं ऑनलाइन पुष्कळ लोक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. गेममध्ये ढाल दिली आहे ती वापरण्यासाठी. ज्याला अडवून मारणं जमतं त्याने अडवून मारावं.

व्हॅगाबॉन्ड घेणाऱ्यांनी एक मात्र सांभाळायचं : वजन. अंगावरचं सामान पेलायच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर गेलं की लोळण्याऐवजी तो धपकन पडतो आणि उठेपर्यंत पुढचा घाव बसतो. हॅलबर्ड लागत नसेल तेव्हा उतरवून ठेवा, फार तर शिरस्त्राण काढा.

भावाची धाकटी बहीण बारावीला आहे. ती इतका वेळ पलंगावर बसून बघत होती, मग म्हणाली, "मला लांबून मारायचंय. इतक्या जवळ कशाला जायचं?" तिला काही तपासून बघायची गरजच नव्हती. अ‍ॅस्ट्रॉलॉजर दिली. छडी फिरवली की निळा चमकता खडा सुटतो आणि वीसेक पावलांवरचा शिपाई काय झालं हे कळायच्या आत लोळतो. ती शांतपणे अंतर राखायची, समोरचा दोन पावलं आला की दोन पावलं मागे, परत खडा. भावाच्या हातात हीच अ‍ॅस्ट्रॉलॉजर दिली असती तर व्हिगर ९ वर तो दोन-तीन फटक्यांत आडवा झाला असता, कारण तो अंगावर येऊ देतो. ती येऊच देत नाही.

जादूगाराची अडचण वेगळी असते. मंत्रशक्ती भरणारी निळी बाटली संपली की हातात काही उरत नाही. सुरुवातीच्या चार बाटल्यांपैकी तीन लाल, म्हणजे जीव भरणाऱ्या, आणि एक निळी असते. ग्रेसजवळ, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून हे वाटप बदलता येतं, नवख्यांना हे कुणी सांगत नाही. घोडा मिळाला की चर्च ऑफ एलेहमध्ये परत जा, तिथे रेना भेटते आणि घंटा देते. त्या घंटेने तीन लांडगे बोलावता येतात. लांडगे समोरच्याला गुंतवून ठेवतात आणि तुम्ही निवांत खडे मारता. शिवाय लिमग्रेव्हमध्येच, म्हणजे गेमच्या पहिल्या प्रदेशातच, वेपॉइंट रुइन्सच्या तळघरात सेलन नावाची जादूगार आहे. तिच्याकडून नवे मंत्र मिळतात. खाली जाताना भोपळ्याएवढं शिरस्त्राण घातलेला एक धिप्पाड पहारेकरी आडवा येतो, तेवढी तयारी ठेवा.

आता ज्यांचा हात पुढे जातो त्यांच्याविषयी. असेही लोक असतात. माझा नवरा त्यातला. वार आला की तो मागे सरत नाही, वाराच्या आतल्या बाजूला लोळतो आणि पाठीशी निघतो. अशांनी सामुराई किंवा वॉरियर डोळे मिटून घ्यावा. वॉरियरच्या दोन्ही हातांत तलवारी असतात. फक्त तलवार आवडली म्हणून सामुराई घ्यायचा विचार असेल तर थांबा. उचिगाताना लिमग्रेव्हच्या डेथटच्ड कॅटाकॉम्ब्समध्ये कुणालाही सापडते. तलवार नंतर मिळेल, स्वभाव मिळणार नाही.

आणि ज्यांना अजून काहीच ठरवता येत नाही त्यांना मी कन्फेसर सांगते. तलवार, ढाल आणि जखम भरून काढणारा मंत्र, तिन्ही गोष्टी पहिल्यापासून हाताशी. मंत्र फार जोरदार नाही, पण बाटल्या संपल्यावर तोच उठवून उभा करतो. रेच मात्र पहिल्या खेपेला नको. "सगळे गुण सारखे म्हणजे मोकळं रान" असं वाटतं, पण हातात नुसता सोटा, अंगावर काही नाही. गेम आतून-बाहेरून माहीत झाल्यावर रेच घेण्यात खरी मजा आहे.

बाकीच्या गेममध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये क्लासच नाही. जे वापराल ते कौशल्य वाढत जातं, म्हणजे हात स्वतःच कॅरेक्टर घडवतो. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये बारा क्लास आहेत, पण लढाई आळीपाळीने होते, विचार करायला हवा तितका वेळ मिळतो. तिथे हाताला महत्त्व नाही. तिथे तुम्हाला लोकांशी कसं बोलायला आवडतं त्यावरून घ्या, कारण निम्मा गेम बोलण्यात जातो. शिवाय विदर्स नावाचा सांगाडा शंभर सोन्याच्या नाण्यांत क्लास बदलून देतो.

'एल्डन रिंग'मध्येही पॉइंट परत मांडता येतात, पण त्यासाठी आधी राया लुकारिया अकादमीत रेनाला नावाच्या बॉसला हरवावं लागतं आणि दर वेळी लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू लागते. तेव्हाही कुठलाच गुण मूळ क्लासच्या आकड्याखाली नेता येत नाही. त्यामुळे मधेच मन बदललं तर नवा गेम सुरू करू नका, तिथपर्यंत रेटत न्या.

कुठलाही क्लास घेतलात तरी सुरुवातीच्या लेव्हल व्हिगरमध्ये घाला. आधी व्हिगर वीसच्या पुढे न्या, मग हत्याराचं बघा. पोरं सगळे पॉइंट तलवारीच्या ताकदीवर उधळतात आणि मग मार्गिट नावाच्या बॉसच्या एका फटक्यात जीव दाखवणारी लाल पट्टी अर्धी उडाली म्हणून रडतात. गोदेला पूर आला की नाशिककर आधी दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघतात, तसं बॉसशी लढताना माझं लक्ष आधी त्या लाल पट्टीवर असतं. ती लांब असेल तर चुकायला वाव मिळतो. चुकायला वाव मिळाला तर बॉसचे डाव बघून होतात. डाव बघून झाले की तो हरतो.

गुहेच्या बाहेर पडल्या पडल्या सोनेरी घोड्यावरचा ट्री सेंटिनेल नावाचा बॉस दिसेल. कुठलाही क्लास असला तरी त्याला लांबून वळसा घाला. झाडीच्या कडेने चर्च ऑफ एलेह गाठता येतं. घोडा आणि चार लेव्हल पदरात पडल्यावर परत या.

राहता राहिली कीपसेक, म्हणजे क्लाससोबत मिळणारी एक वस्तू. गोल्डन सीड घेतलं तर एक बाटली वाढते, क्रिमसन अँबर मेडॅलियन घेतलं तर लाल पट्टी लांब होते. ढालवाल्याला मी गोल्डन सीड देते, जादूगाराला मेडॅलियन. शाब्रीरीज वो घेऊ नका, त्याने शत्रू तुमच्याकडेच जास्त खेचले जातात. मावसबहिणीने मेडॅलियन घेतलं. भावाने दोन दगडी किल्ल्या घेतल्या, कारण गुहेतून निघताना बंद दार दिसलं आणि त्यामागे काय आहे हे त्याला त्याच दिवशी बघायचं होतं. आत मोठे रथ धावतात, नवख्याचं तिथे काम नाही, हे मी त्याला सांगितलं. तरीही तो ढाल पुढे धरून आत गेला.