तुम्ही विचारलंत म्हणून : जिंकूनही चिडायचं कशाला?

“अक्का, जिंकताय न्हवं? मग चिडताय कशाला?”

माझ्या धाकट्या भावाने सांगलीहून फोनवर हे पहिल्यांदा विचारलं ते सप्टेंबर 2022 मध्ये. तेव्हापासून गणपतीच्या पंगतीत, ऑफिसात, मुलीच्या मैत्रिणींकडून हाच प्रश्न येतो. तुमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकतो आणि तुम्ही सोमवारी सुतकी चेहऱ्याने फिरता, हे काय आहे? दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून काढते.

मी अमेरिकेत आयोवा सिटीत राहते. चहूबाजूंना मका आणि सोयाबीन, मध्ये नदी, नदीच्या दोन्ही काठांवर विद्यापीठ. आयोवा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. आमच्या भागाची सगळी माया विद्यापीठाच्या पोरांवर, म्हणजे हॉकाइजवर. गावाची वस्ती पाऊण लाखाची आणि सामन्याच्या शनिवारी किनिक स्टेडियममध्ये एकोणसत्तर हजार माणसं. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, संपला की सगळं स्टेडियम शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडे तोंड करून हात हलवतं, आणि वरच्या मजल्याच्या काचांमागून आजारी पोरं हात हलवतात. 2017 पासून ही पद्धत आहे. मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेले ती तेवढ्यासाठी. खेळ नंतर समजला.

समजला तो कबड्डीमुळे. आमचे अण्णा कबड्डीचे पंच होते. इस्लामपूर, तासगाव, विटा, कुठे कुठे त्यांच्याबरोबर मी मैदानाच्या कडेला बसलेली आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्याच्याकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. त्या प्रयत्नांना डाउन म्हणतात. तीन डाउन फुकट गेले की चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याच्या हवाली करतात, तो पंट. थोडक्यात, आपला ऑफेन्स म्हणजे चढाई आणि डिफेन्स म्हणजे पकड. चढाईवाला निदानरेषा ओलांडून, कुणाला हात न लावता परत आला तर तो बाद होत नाही, पण गुणही मिळत नाही. असं एकदा झालं तर डाव असतो. दर वेळी झालं तर अण्णा म्हणायचे, “हा दम घालवायला गेला होता, गडी मारायला नाही.”

आमचा संघ 2022 आणि 2023 ही दोन वर्षं दम घालवत होता.

भावाचा पहिला फोन आला त्या दिवसाचं सांगते. 3 सप्टेंबर 2022, हंगामातला पहिला सामना, समोर साउथ डकोटा स्टेट. आम्ही 7-3 ने जिंकलो. सात म्हणजे एक टचडाउन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या गोलपट्टीत नेला त्याचे सहा, आणि वरचा एक, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. एक फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांच्या मधून उडवलेला चेंडू, त्याचे तीन. आणि दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलपट्टीत दोनदा पकडलं, त्याचे दोन-दोन. आमच्या ऑफेन्सने साठ मिनिटांत एकदाही चेंडू गोलपट्टीत नेला नाही. पकडीच्या जोरावर सामना निघाला. भाऊ स्कोअर बघून अभिनंदन करत होता आणि मला बोलवत नव्हतं.

माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसतात. शेतकरी आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून सामने बघताहेत. त्या हंगामात ते पहिल्या डाउनआधी हळूच म्हणायचे, “उजवीकडे,” किंवा “मधून”. आणि बहुतेक वेळा चेंडू तिकडेच जायचा. एक-दोन यार्ड. दुसऱ्या डाउनला पुन्हा तसंच. मग तिसरा डाउन, सात यार्ड हवेत, आणि पास पाच यार्डांवरच्या माणसाला. त्याने झेलला तरी दोन यार्ड कमी. पण माझ्या मनात राहून गेलंय ते वेगळंच. तिसऱ्या डाउनचा चेंडू हलायच्या आधीच आजोबा आपली दुर्बीण मैदानावरून काढून साइडलाइनकडे वळवायचे. तिथे टोरी टेलर हा आमचा पंटर पाय मोकळे करत असायचा. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. गॅलरीतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जे आधी कळतं ते समोरच्या संघाच्या कोचला कळणार नाही का? त्यांनी आपली आठ-आठ माणसं रेषेजवळ आणून उभी केली, पास येणार नाही याची खात्री असल्यासारखी. आम्ही त्या भिंतीवर पुन्हा डोकं आपटलं.

हा राग प्लेकॉलिंगचा होता, म्हणजे कोणता डाव खेळायचा हे ठरवणाऱ्याचा. पळणाऱ्या पोरांवर तो नव्हता, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी लोकांना ते पटत नाही. स्टेडियममध्ये ‘बू’ झालं. मी कधीच केलं नाही, कारण मैदानावरची पोरं एकोणीस-वीस वर्षांची असतात, माझ्या मुलीच्या वर्गात बसणारी. त्यांना काय वाटत असेल? पण बू करणाऱ्यांना ‘कृतघ्न’ म्हणणंही मला पटलं नाही. जो माणूस पंचेचाळीस वर्षं थंडीवाऱ्यात येऊन बसतो त्याला नापसंती दाखवायचा हक्क आहे.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. कर्क फेरेन्ट्झ 1999 पासून मुख्य कोच आहेत. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. त्यांचं म्हणणं साधं: चेंडू गमावू नका, समोरच्याला स्वतःच्या गोलपट्टीजवळ कोंडा, डिफेन्सवर विश्वास ठेवा, तो चुकेपर्यंत थांबा. या पद्धतीने आम्ही 2021 आणि 2023, दोन्ही वर्षी दहा-दहा सामने जिंकून आमच्या विभागात पहिले आलो. शिवाय 2023 मध्ये पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, सप्टेंबरअखेर गुडघ्याच्या दुखापतीने गेला, दोन चांगले टाइट एंड, म्हणजे समोरच्यांना अडवणारे आणि पासही झेलणारे गडी, तेही गेले. हे सगळं मान्य.

पण ऑफेन्सचे डाव ठरवत होता त्यांचाच मुलगा ब्रायन, 2017 पासून. विद्यापीठाच्या नियमानुसार बाप मुलाचा वरिष्ठ असू शकत नाही, म्हणून कागदोपत्री तो क्रीडा संचालकांच्या हाताखाली. या नात्यामुळे त्याला विनाकारण बोल लागला असं मानणारेही इथे आहेत. तो आधी ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे पुढे उभं राहून अडवणाऱ्या गड्यांचा, कोच होता आणि त्या कामात चांगला होता, असं जाणकार सांगतात. माझा आक्षेप नात्यावर कमी आणि पुढच्या गोष्टीवर जास्त आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये त्याचा करार बदलला. पगार 9 लाख डॉलरवरून 8.5 लाख, आणि अट अशी की संघाने सामन्यामागे सरासरी 25 गुण करायचे आणि किमान सात सामने जिंकायचे. तेरा सामने धरून 325 गुण. गुण कुणी केले याला महत्त्व नाही. डिफेन्सने चेंडू हिसकावून टचडाउन केला तरी तो यात धरला जाणार. मला तेव्हाही ही अट चुकीची वाटली आणि आजही वाटते. ऑफेन्स कसा खेळावा याबद्दल वरच्यांना काही म्हणायचं असेल तर ते म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी एक आकडा लिहिला आणि सगळं राज्य बेरजा करत बसलं. पहिल्या सामन्यात 24, एक कमी! मग 20. मग 41. तीन सामन्यांत 85, म्हणजे सरासरीच्या पुढे. लोकांचा खेळ बघणं सुटलं.

चौथा सामना पेन स्टेटशी, त्यांच्या मैदानावर. 31-0 ने हरलो. त्या रात्री मला जे दिसलं तेच माझ्या भावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. पेन स्टेटने 97 डाव खेळले. आम्ही 33. आमच्या ऑफेन्सने पूर्ण सामन्यात 76 यार्ड केले. म्हणजे आमची डिफेन्सची पोरं 97 वेळा उठली, वाकली, अंगावर येणाऱ्या दीड-दीडशे किलोच्या माणसांना भिडली. बाहेर येऊन पाण्याची बाटली तोंडाला लावेपर्यंत ऑफेन्स तीन डाउन संपवून परत. पुन्हा हेल्मेट, पुन्हा आत. टीव्हीवर मधूनच त्यांचे चेहरे दिसायचे. गुडघ्यांवर हात, मान खाली. कुणी ऑफेन्सच्या पोरांना बोल लावला नाही. कबड्डीत पकडीवाले दमून भुईला हात टेकतात तेव्हा अण्णा चढाईवाल्याकडे बघायचे. म्हणायचे काही नाहीत, पंच होते ना.

जिंकण्या-हरण्याच्या पलीकडे मला हे बोचतं. संघातले अर्धे गडी जीव तोडून खेळतात आणि उरलेल्या अर्ध्यांना आपण काही न करण्याचा डाव देतो. त्या अर्ध्यांच्या अंगात काही नसतं तर गोष्ट वेगळी. पण याच मैदानावरून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये, जॉर्ज किटल गेला, सॅम लापोर्टा गेला. 2019 मध्ये हॉकन्सन आणि फँट हे दोन टाइट एंड एकाच वर्षी एनएफएलच्या पहिल्या फेरीत निवडले गेले.

आणि मग 21 ऑक्टोबर 2023. किनिकवर मिनेसोटा. मी आणि मुलगी स्टेडियममध्ये. 1999 नंतर ते आमच्याकडे येऊन जिंकलेले नव्हते. त्यांनी संपूर्ण सामन्यात एकही टचडाउन केला नाही, डिफेन्सने करूच दिला नाही. चार फील्ड गोल, बारा गुण. आमचे दहा. दीडेक मिनिट उरलेलं. त्यांनी पंट केला, चेंडू जमिनीवर उसळत आला आणि कूपर डिजीनने तो उचलला. ओडेबोल्ट नावाच्या छोट्या गावचा आमच्याच राज्यातला पोरगा. साइडलाइनच्या कडेकडेने, एकाला चुकवत, दुसऱ्याला झुकवत, तो 54 यार्ड पळत थेट गोलपट्टीत. आवाज असा की मुलगी माझ्या कानाशी ओरडत होती आणि मला तिचे फक्त ओठ दिसत होते. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून माझे दोन्ही हात धरले.

पंचांनी रिप्ले बघितला. चेंडू उचलण्याआधी त्याचा डावा हात हलला होता. तो ‘मी पळणार नाही’ या इशाऱ्यासारखा धरला गेला आणि टचडाउन रद्द झाला. चेंडू आमच्या 46 यार्डांवर. आयोवात त्या रात्री सगळ्यांनी पंचांना शिव्या घातल्या. मी पंचाची लेक, मला त्यात भाग घेता आला नाही. आणि खरं सांगायचं तर मी पंचांकडे बघतच नव्हते. चेंडू आमच्याकडे होता, घड्याळात मिनिटाहून जास्त वेळ होता, आणि फील्ड गोलच्या टप्प्यात यायला हवे होते फक्त वीसेक यार्ड. वीस! चांगल्या संघाला दोन पास पुरे होतात. आमच्याकडे काढायला काही नव्हतं, कारण दोन वर्षं आम्ही ती गोष्ट कधी केलीच नव्हती. पास समोरच्याने झेलला आणि सामना संपला. ज्या डिफेन्सने एकही टचडाउन दिला नाही ती पोरं मान खाली घालून बोगद्यातून आत गेली. मुलगी नदीवरच्या पुलापर्यंत एक शब्द बोलली नाही.

नऊ दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, क्रीडा विभागाच्या प्रभारी संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की हंगाम संपल्यावर ब्रायन राहणार नाही. मला आनंद झाला नाही. बापाला आपल्या मुलाला असं जाताना बघावं लागलं. हे त्याआधी, शांतपणे, आकड्याची टांगती तलवार न लावता करता आलं असतं.

तो हंगाम 10-4 ने संपला. देशातला सर्वोत्तम सहायक कोच म्हणून आमच्या डिफेन्सच्या फिल पार्करना पुरस्कार मिळाला, सर्वोत्तम पंटर म्हणून टोरी टेलरला. पंटरला सर्वोत्तम ठरण्याची संधी किती वेळा मिळाली असेल ते तुम्हीच बघा. शेवटचे दोन सामने हरलो, मिशिगनशी 26-0 आणि टेनेसीशी 35-0. चौदा सामन्यांत एकूण 216 गुण. सरासरी पंधराच्या जरा वर.

पुढच्या वर्षी ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आले. मुख्य कोच तेच, डिफेन्स तोच. ऑफेन्सची पोरंही बरीचशी तीच, फक्त चेंडू हलायच्या आधी ती आता जागा बदलू लागली, समोरच्याला विचार करायला लावू लागली. केलेब जॉन्सन 2023 मध्येही आमच्याकडेच होता. 2024 मध्ये त्याच पोराने धावून 1,537 यार्ड केले, 21 टचडाउन केले. पासचं दुखणं त्या वर्षीही गेलं नाही आणि आम्ही पाच सामने हरलो. दहा जिंकलेल्या वर्षापेक्षा मला हे वर्ष आवडलं.

21 सप्टेंबर 2024 ला मिनेसोटाच्या मैदानावर सामना होता. या दोन संघांत डुकराच्या ब्राँझच्या पुतळ्यासाठी चुरस असते, ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’ त्याचं नाव. तो वर्षभर त्यांच्याकडे होता. मध्यंतराला आम्ही 14-7 ने मागे. आमच्याकडे शनिवारची रात्र, सांगलीत रविवारची सकाळ, भाऊ चहा घेऊन फोनवर सामना बघत होता. दुसऱ्या अर्ध्यात 24 गुण, त्यांचा एकही नाही. जॉन्सनचे 206 यार्ड, तीन टचडाउन. आमची पोरं पळत जाऊन ते ब्राँझचं डुक्कर उचलत होती आणि डिफेन्सवाले ऑफेन्सवाल्यांच्या गळ्यात पडत होते.

व्हिडिओ कॉल लागला. भावाने माझा चेहरा बघितला आणि विचारलं, “अक्का, आता का रडतीस?”

“थांब,” म्हटलं, “त्यांच्याकडे बघ आधी.”