गाठ मारलेली सुतळी

प्रयोगाची नोंद म्हणजे तक्ता, आणि तक्ता म्हणजे बाईंनी फळ्यावर आखलेला. इतकी वर्षं हेच चाललं. निम्मे आकडे मोजण्याआधीच भरलेले असायचे, कारण रिकामा रकाना पोरांना बघवत नाही.

परवा चौथीला म्हटलं, पटांगणातल्या फरशीवर पाणी ओता आणि दर अर्ध्या तासाला किती उरलं ते नोंदवा. कसं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी नुसता कल्ला. "बाई, रकाने किती पाडायचे?" मग एका गटाने सवयीने लांबी-रुंदीचा तक्ताच केला. दुसऱ्याने खडूने काठ गिरवले, कड्याच्या आत कडं. तिसऱ्याने सुरेख चित्रं काढली, पण वेळ लिहिली नाही; आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं, त्यांनाच सांगता येईना.

चौथ्या गटाने डबक्याच्या काठाकाठाने सुतळी लावली, तेवढीच कापली आणि वर्गात खिळ्यांना ओळीने टांगली. न शिकवता आलेख! दहाची 310 सेंटीमीटर, मग 285, मग 262. आणि साडेअकराची 291.

पाणी वाढेल कसं? त्यात सुतळीला मधेच गाठ. "तुटली म्हणून जोडलीत ना?" म्हणत मी चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलंसुद्धा: पुन्हा मोजा.

"नाही बाई, दोन तुकडे होते," एक मुलगी हटूनच बसली. मला वाटलं, सुतळीचे. तिने मला ओढत बाहेर नेलं. फरशी मधे जरा उंच होती, तिथलं पाणी आधी सुकलं आणि डबक्याची दोन डबकी झाली होती. दोघांच्या काठांच्या सुतळ्या त्यांनी गाठीने जोडल्या होत्या. शेजारी तक्तेवाला गट भांडत होता, आता रुंदी कुणाची लिहायची?

दुसऱ्या दिवशी 4 सेंटीमीटर बाजूचा चौरस कागद घेतला. परिमिती 16. मधोमध कापला, दोन्ही तुकड्यांची मिळून 24. कागद तेवढाच.

वह्या तपासायला आलेल्या साहेबांनी एवढंच विचारलं, "ही दोरी फाइलला कशी लावणार?" त्यांना गाठ दिसली नाही. पण पहिल्यांदा मला तरी कुठे दिसली होती!

गटाने निष्कर्ष लिहिलाय: "पाणी कमी झालं. काठ वाढला." सही केली. चिठ्ठीवरचा माझा लाल शेरा मात्र खोडावा की तसाच राहू द्यावा, हे अजून ठरत नाहीये.