‘पीरियड’ म्हणजे नेमका कुठला? तीन आठवडे गेले

लाटांच्या स्पेक्ट्रमचं (कुठल्या वारंवारतेला किती ऊर्जा) आणि फटीगचं (लाटांच्या सततच्या माऱ्याने पोलाद थकण्याचं) गणित दोन दिवसांत बसलं. डेटाच्या एका रकान्याचा अर्थ कळायला मात्र तीन आठवडे लागले. त्यासाठी केलेले मेल समोर आले की अजूनही डोकं तापतं.

काम मुंबई हायकडच्या, साधारण ७५ मीटर पाण्यातल्या जॅकेटचं, म्हणजे प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या पोलादी पाइपांच्या सांगाड्याचं. लाटांच्या रिपोर्टात दर तीन तासांची लाटेची उंची एचएस (सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी) दिलेली, शेजारी नुसतं ‘पीरियड (सेकंद)’. स्पेक्ट्रमच्या शिखराचा टीपी, की शून्यरेषा ओलांडण्यावरून काढलेला सरासरी टीझेड? मी टीपी धरून जॉनस्वॅप (स्पेक्ट्रमचं एक ठरलेलं सूत्र) लावला, गॅमा (शिखर किती टोकदार ते सांगणारा आकडा) ३.३. फटीगमध्ये पाइपांचे दोन जॉइंट नापास.

गॅमा ३.३ असताना टीपी हा टीझेडच्या १.२९ पट असतो. उंची तीच ठेवली, तर स्पेक्ट्रमच्या शेपटीतली, म्हणजे छोट्या पीरियडच्या लाटांची, ऊर्जा टीपीच्या चौथ्या घाताने कमी होते. १.२९ चा चौथा घात म्हणजे जवळजवळ पावणेतीन! आमच्या जॅकेटचा स्वतःचा आवर्तनकाल अडीच सेकंद, तो त्याच शेपटीत, म्हणून फटीगवर थेट परिणाम.

रिपोर्ट देणाऱ्यांनाच विचारलं. पहिल्या मेलला उत्तर आलं, ‘रिपोर्टप्रमाणे घ्यावे.’ दुसऱ्याला, ‘संबंधितांकडे पाठवले आहे.’ तिसऱ्याला काहीच नाही. फोन लावला की तिकडचे साहेब साइटवर. इकडे आमचे सर रोज टेबलाशी येऊन विचारायचे, “झालं का रे?” जॉइंटच्या पाइपाची जाडी वाढवायची की नाही, एवढ्यावर ड्रॉइंग अडलेली.

शेवटी एका संध्याकाळी रिपोर्टाचं परिशिष्ट काढून एकेक ओळ वाचत बसलो. पावसाळ्यातल्या एका नोंदीत उंची ४.२ मीटर, पीरियड ६ सेकंद. खोल पाण्यात ६ सेकंदांच्या लाटेची लांबी ५६ मीटर, म्हणजे चढ (उंची भागिले लांबी) १/१३. डीएनव्ही या संस्थेच्या आरपी-सी२०५ या मार्गदर्शिकेप्रमाणे एवढ्या छोट्या टीपीला सरासरी चढाची मर्यादा १/१५, टीझेडला १/१०. टीपी धरला तर ही नोंद मर्यादेबाहेर जाते, टीझेड धरला तर आरामात बसते. अशा ११ नोंदी निघाल्या. त्यांचा तक्ता करून पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर हजर: ‘टीझेड आहे. सुधारित पान जोडले आहे.’ टीझेडवरून टीपी काढून गणित पुन्हा चालवलं, दोन्ही जॉइंट पास. त्या दिवशी खरंच अभिमान वाटला.

तेव्हा डेटा मागवतानाच टीपी की टीझेड हे लेखी मागा. आणि रूपांतराआधी गॅमा ठरवा, कारण गॅमा १ घेतला, म्हणजे पिअर्सन-मॉस्कोविट्झ स्पेक्ट्रम, की तेच गुणोत्तर १.४१ होतं. ३.३ ही तर जर्मनीच्या सिल्ट बेटाजवळ १९६८-६९ मध्ये केलेल्या मोजणीची सरासरी. पावसाळी अरबी समुद्रात दुरून आलेला स्वेल आणि तिथल्या वाऱ्याच्या लाटा एकत्र असतात, तिथे दोन शिखरांचा ओची-हबल स्पेक्ट्रम तपासून पाहा.

हो, एक राहिलं. स्पेक्ट्रमचा चौथा मोमेंट (ऊर्जेला वारंवारतेच्या चौथ्या घाताने गुणून केलेली बेरीज) वापरत असाल, तर स्पेक्ट्रम कुठल्या वारंवारतेला तोडला ते रिपोर्टात लिहा. तोडायची जागा जितकी पुढे न्याल, तितका तो आकडा वाढत जातो.