आजीच्या ओव्या स्माइलमध्ये बसवल्या, माझा अनुभव

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामानं कागलला रेकॉर्ड करून ठेवलेल्या, आणि माझ्या डोक्यात एकच होतं की ती गाईल तशी ओळ समोर रंगत गेली पाहिजे. घरी राजारामपुरीत सगळे म्हणाले व्हिडिओ करून टाक की, पण व्हिडिओतलं अक्षर मोठं करता येत नाही, त्यात एखादा शब्द शोधता येत नाही, म्हणून ईपब ३ (ई-पुस्तकांचा फाइल प्रकार) चं पुस्तकच करायचं ठरवलं.

त्यात आवाज आणि मजकूर जुळवायचं काम स्माइल करतं. स्माइल (SMIL) म्हणजे एक्सएमएलवरची, खुणांनी लिहायची भाषा, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं १९९८ मध्ये आणली, ३.० आवृत्ती २००८ ची. ब्राउझरमध्ये ती म्हणावी तशी रुजली नाही, पण अंधांसाठीच्या डेझी नावाच्या बोलक्या पुस्तकांनी तिला धरून ठेवलं आणि मला ही लई मोठी गोष्ट वाटते. तिच्यातल्या ‘पार’ या खुणेमध्ये ठेवाल ते एकाच वेळी चालतं, ‘सेक’मध्ये एकामागून एक. प्रत्येक ओळीला एक पार, त्यात त्या ओळीचा आयडी (ओळखीचं नाव) आणि ऑडिओचा तुकडा, क्लिपबिगिनपासून (सुरुवातीची वेळ) क्लिपएंडपर्यंत (शेवटची वेळ), बास.

खरं काम कानाचं. ऑडासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओवी लावायची, ओळ सुरू झाली की कंट्रोल एम, लेबल पडतं, मग सगळी लेबलं सेकंदांसकट टेक्स्ट फाइलमध्ये एक्सपोर्ट. पण आजी शेवटचा स्वर जात्याच्या घरघरीत लांबवत नेते आणि तशीच पुढच्या ओळीत शिरते, मग ओळ संपली कुठं म्हणायची? मी ठरवलं, पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर ऐकू येईपर्यंत आधीचीच रंगलेली राहू दे, कारण तो लांबवलेला स्वर त्याच ओळीचा आहे. शब्दागणिक वेळ लावलीच नाही, ओवीत शब्द मध्येच तुटून सुरात वाहतो, तिथं रंग नुसता उड्या मारत राहतो. आणि आजी ‘न्हाई’ म्हणत असेल तर लिहिताना पण ‘न्हाई’च, ते शुद्ध करायचं नाही.

नंतर ओपीएफमध्ये (पुस्तकातल्या सगळ्या फाइलींची यादी असलेली फाइल) प्रकरणाला स्माइल फाइल जोडायची, रंगासाठी सीएसएसचा (पानाची सजावट ठरवणारी भाषा) क्लास सांगायचा, प्रत्येक फाइलचा आणि एकूण कालावधी लिहायचा, बेरीज जुळते का ते ईपबचेक हे तपासणीचं सॉफ्टवेअर बघतं.

थोरियम या ई-पुस्तक वाचायच्या ॲपमध्ये फॉन्ट कितीही वाढवला तरी ओळ बरोबर वेळेला रंगते. आता मामाला सांगितलंय, उचगावच्या मावशीच्या ओव्या पण रेकॉर्ड करून दे, जातं थांबवू नको म्हणावं.