आमची वाटचाल : कॅमेऱ्यामागचं स्वयंपाकघर

टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमांना मागची सगळी तयारी पुरवणं हा आमचा व्यवसाय. या धंद्याला वाट करून दिली ती संजीव कपूर यांनी, असं आम्ही मनापासून मानतो. मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ असलेले कपूर १९९३ साली झी टीव्हीच्या ‘खाना खजाना’त आले. साहित्य आधी मोजून वाट्यांत मांडायचं, मगच गॅस पेटवायचा, ही हॉटेलची शिस्त त्यांच्यामुळे घराघरांत दिसू लागली.

अर्ध्या तासातून जाहिराती वगळल्या तर हातात जेमतेम बावीस मिनिटं उरतात. दमबिर्याणीला एकट्या दमालाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून हंड्या तीन लागतात : कच्च्या थरांची, दमावरची आणि उघडायला तयार. तळलेला कांदा आदल्या दिवशीच करून ठेवायचा. किलोभर कांद्याचा तळून पाव किलोही भरत नाही, हे हिशेबात न धरल्यास ऐनवेळी कमी पडतो.

स्टीलच्या वाट्या दिव्यांत चमकतात, म्हणून काचेच्या. पूर्वीच्या पिवळ्या दिव्यांखाली तूप वितळायचं, कोथिंबीर मान टाकायची. ती बर्फाच्या पाण्यात ठेवून, निथळून, टेकच्या अगदी आधी द्यावी लागे. एलईडी आले आणि हा त्रास बराच कमी झाला. चिमणीचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून टेक चालू असताना ती बंद. मिरचीच्या फोडणीचा ठसका शेफच्या घशात गेला की टेक वाया. त्यामुळे फोडणी शेवटी घ्यायची आणि लगेच पंखे लावायचे. पुरी मिनिटाभरात बसते, तेव्हा कढई कॅमेऱ्याला लागूनच हवी.

मराठीत ‘आम्ही सारे खवय्ये’सारख्या कार्यक्रमांत सुगरणी आल्या. त्यांचा हात अंदाजाचा आणि तोच खरा. त्यांना चमच्यात अडकवू नये. मिठाची बरणी आधी आणि नंतर वजन करावी, फरक तेवढं मीठ पडलं.

२०११ साली कपूर यांची ‘फूडफूड’ वाहिनी सुरू झाली आणि दिवसभर स्वयंपाकच दाखवणं शक्य आहे हे दिसलं. आता मोबाइलसाठीचे व्हिडिओ जास्त. त्यात कॅमेरा कढईच्या थेट वर असतो आणि वाफ सरळ भिंगावर बसते. झाकण काढण्याआधी गॅस बंद करा, झाकण आपल्याकडे तिरकं सरकवा म्हणजे पलीकडची बाजू उघडेल, तिकडून वाफ जाऊ द्या आणि मगच पूर्ण उचला.