इन्सुलेशनवर आवळलेला स्क्रू

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला पंधरा-सोळा वर्षांची पोरं येतात. जोडणी ती पटकन शिकतात. बिघाड शोधायला शिकवताना माझा कस लागतो. त्यासाठी मीच डीओएल स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटर थेट सप्लायवर सुरू करणाऱ्या पेटीत, बिघाड करून ठेवतो.

त्या दिवशीचा बिघाड माझ्या खास आवडीचा. मोटरचा सप्लाय जोडणारा चुंबकी स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर; बोट उचलल्यावरही त्याला चालू ठेवतो तो १३-१४ क्रमांकाचा होल्डिंग कॉन्टॅक्ट. त्याची वायर मी जेमतेम सोलली आणि स्क्रू तांब्याऐवजी इन्सुलेशनवर आवळला. ओढून पाहिली तरी वायर घट्टच. स्टार्ट दाबलं की मोटर फिरते, बोट उचललं की बंद.

वर्गातला सर्वांत हुशार मुलगा थेट ओव्हरलोड रिलेकडे (जादा करंट झाला की मोटर बंद करणाऱ्या भागाकडे) गेला, कारण आदल्या आठवड्यातला बिघाड तिथे होता. त्या रिलेचा ९५-९६ हा कॉन्टॅक्ट उघडा असेल तर मोटर सुरूच होत नाही, हे त्याला तोंडपाठ आहे. तरी वीस मिनिटं तो तिथेच अडकून राहिला.

दुसरा स्टार्ट बटणच दाबत बसला होता. कधी हळू, कधी झटकन, कधी धरून ठेवायचा. कान कॉन्टॅक्टरच्या ठक्‌ आवाजाकडे. मला वाटलं, टाइमपास चाललाय. "खेळणं आहे का ते? स्टेपने जा!" सगळ्यांसमोर ओरडलो.

तो गप्प झाला. सप्लाय बंद करून त्याने कॉन्टॅक्टर हाताने आत दाबला, १३-१४ वर मीटर लावला. बीप आली, म्हणजे कॉन्टॅक्ट जुळतोय. मग एक प्रोब टर्मिनलवर, दुसरा त्याच वायरच्या पलीकडच्या टोकाला. बीप नाही. स्क्रू सोडवून वायरचं टोक त्याने माझ्यापुढे धरलं. बटणाशी चाललेला तो 'खेळ' म्हणजे त्याचा तपासच होता. आमच्या प्रॅक्टिकलच्या गुणांत क्रमाला गुण आहेत, अशा चाचपण्याला शून्य. हे मला अजिबात पटत नाही, आणि त्या दिवशी मीही तेच केलं.

नंतर लंडनमधल्या २०१६ सालच्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. त्यात १२ ते १७ वयाची मुलं बक्षीस मिळवायला मोठ्यांइतकंच शिकली, शिक्षा टाळायला मात्र कमी. माझ्या ओरडण्यातून तर हा एका फटक्यात शिकला.

शनिवारी नवा बिघाड ठेवला. तो बोर्डापुढे हात मागे बांधून उभा. "सर, आधी कुठे बघू?"

"तुला वाटेल तिथे," मी म्हणालो.

तरी तो माझ्याकडेच बघत राहिला.