कागदावर निजलेला वासा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोलीच्या किनाऱ्यावरचं आमचं घर भिंतींवर उभं राहिलं, पण छप्पर गेलं. जांभ्याच्या भिंतींना तडासुद्धा नाही आणि माजघरातून थेट आभाळ दिसत होतं. तेव्हा मिळाले तसे पत्रे टाकून घेतले. पत्र्याखाली पावसाचा आवाज इतका, की आईशी फोनवर बोलता येत नसे, आणि मे महिन्यात दुपारी आत बसवत नसे. शेवटी ठरवलं, भिंती आहेत तशा ठेवायच्या, छप्पर पुन्हा कौलारू करायचं आणि आतली जमीन नवी घालून घ्यायची.

मी राहते ठाण्याला. काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवायचं होतं आणि सामानाची चौकशी बरीचशी फोनवरच होणार होती. इंजिनिअरने घर मोजून नकाशा काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. कोपऱ्यात लिहिलं होतं, प्रमाण १:१००. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा प्रत्यक्षातला १ मीटर. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकलेल्या कुणालाही कळेल असं. मी खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली. आकडे बारीक आणि पुसट आले होते, वाचता येईनात, म्हणून पट्टी घेऊन बसले आणि एकेक खोली मोजून वहीत उतरवली.

माजघराची लांबी आली ३ सेंटिमीटर, म्हणजे ३ मीटर. असं सगळं घर मोजलं, क्षेत्रफळ काढलं आणि फरशीचा अंदाज मागवला. रक्कम वाटली होती त्यापेक्षा बरीच कमी आली. मला बरं वाटलं.

रात्री आईला फोनवर आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "तीन मीटर म्हणजे दहाच फूट झाले की गो. माजघरात एका भिंतीला सात पानं मांडायचो आपण. पाट आणि बाजूची जागा धरून माणशी दोन फूट तरी लागतात. दहा फुटांत सात माणसं कशी बसतील?"

आईने आयुष्यात नकाशा वाचलेला नाही. पण तिच्याकडे एक खात्रीचं माप होतं, पान, आणि त्या मापाने तिला खोली चौदा फुटांच्या आसपास हवी होती. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या मुलाला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. माजघर भरलं ४ मीटर २० सेंटिमीटर.

मग नकाशा चुकला का? इंजिनिअरला फोन केला. त्याने एकच विचारलं, "ताई, प्रिंट कुठल्या कागदावर काढली?" नकाशा ए३ कागदासाठी केलेला होता. दुकानात तो कागदात मावेल असा लहान करून ए४ वर छापला गेला. रेषा सगळ्या आखडल्या, पण कोपऱ्यातली १:१०० ही अक्षरं तशीच राहिली. अक्षरांना कागद लहान झाल्याचं कळत नाही.

हे मला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून पट्टी पुन्हा माजघरावर ठेवली. नीट पाहिलं तर ती रेघ ३० मिलिमीटरला किंचित कमी होती. ए३ कागदाची लांबी असते ४२० मिलिमीटर, ए४ ची २९७. आमचं माजघर ४.२० मीटरचं, म्हणजे मूळ नकाशात ते ४२ मिलिमीटर असणार आणि ए४ वर २९.७. तीच ती जोडी! ए३ कागद मधोमध दुमडला की ए४ होतो. क्षेत्रफळ निम्मं होतं, पण लांबी निम्मी होत नाही, ती १.४१४ ने भागली जाते, म्हणजे २ च्या वर्गमुळाने. म्हणून आकार तोच राहतो, फक्त लहान होतो. माझ्या हातातल्या प्रिंटचं खरं प्रमाण १:१४१ होतं.

फरशीचा अंदाज कमी का आला तेही यातूनच कळलं. लांबी १.४१४ पटीने चुकली, रुंदीही तेवढ्याच पटीने चुकली आणि दोन्हींचा गुणाकार झाला २. मी सबंध घराचं क्षेत्रफळ निम्मं धरलं होतं. ऑर्डर गेली असती तर निम्म्या घरात फरशी संपली असती, आणि नंतर मागवलेल्या मालाचा रंग पहिल्याशी जुळेलच याची खात्री नसते.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी जागेवरची एक वस्तू टेपने मोजायची, शक्य तेवढी लांब. मग तीच कागदावर मोजायची. दोन्ही एकाच एककात आणून भागायची. जो आकडा येईल ते त्या कागदाचं प्रमाण, कोपऱ्यात काहीही छापलेलं असो. वस्तू लांबच का, तर १:१०० ला पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा सेंटिमीटर. दाराची चौकट कागदावर ९ मिलिमीटरची, तिथे डोळ्याची एक चूक म्हणजे दहा सेंटिमीटरची चूक. बारा मीटरच्या भिंतीत तेवढीच चूक फारशी जाणवत नाही. आणि नकाशावर माप आकड्यात लिहिलेलं असेल तर ते धरायचं, पट्टी लावायची नाही, हे इंजिनिअरने बजावून सांगितलं. मी ए३ वर स्वच्छ प्रिंट काढून घेतली आणि अर्ध्याअधिक प्रश्नांची उत्तरं त्यावर लिहिलेलीच सापडली.

एककांचा घोळ मात्र कोकणात काम काढलं की होतोच. इंजिनिअर मीटरमध्ये बोलतो, गवंडीदादा फुटात, खडी-वाळूवाला ब्रासमध्ये, आणि जागेचा विषय निघाला की सगळे गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, जुन्या मोजणीच्या साखळीची लांबी ३३ फूट होती त्यावरून आलेला. सुतारकाकांना इंचाला आठ फूट या प्रमाणाची सवय. ऐकायला ते १:१०० सारखंच वाटतं, पण आठ फुटांचे इंच ९६ होतात, म्हणजे प्रमाण १:९६. बारा मीटरच्या लांबीवर हा फरक जवळजवळ अर्धा मीटर होतो. त्यामुळे कुठलंही माप आलं की मी आधी मीटर करते, मगच गुणाकार.

खरा धडा छपराचा होता.

वळचणीसकट छप्पर नकाशात १२ मीटर बाय ९ मीटर, दोनपाखी, आढं मधोमध. मी क्षेत्रफळ काढलं १०८ चौरस मीटर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधरा लागतात असं विक्रेत्याने सांगितलं, म्हणजे १६२० कौलं. शनिवारी गावी गेले तेव्हा सुतारकाका खळ्यात वासे लावून बसले होते. त्यांना आकडा सांगितला. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, कागदावर वासा निजलेला दिसतो. तो उभा करून बघा."

वरून पाहिलं तर उतरता वासा त्याच्या खऱ्या लांबीपेक्षा आखूड दिसतो, कागदावर पडते ती त्याची सावली. आढ्यापासून वळचणीपर्यंत आडवं अंतर ४.५ मीटर. चढ किती ते मांडणीच्या नकाशात कळत नाही, त्यासाठी घर उभं कापून दाखवलेलं चित्र बघावं लागतं. त्यात वळचणीपासून आढं २.४ मीटर उंच होतं. काकांनी खळ्यातल्या सारवलेल्या जमिनीवर गुण्या लावून खडूने काटकोनात दोन रेघा मारल्या, एक साडेचार फूट, एक दोन फूट पाच इंच. दोन टोकं दोरीने जोडली आणि दोरी मोजली. पाच फूट आणि वर एक इंच. मी वहीत तेच वर्गाने केलं: ४.५ चा वर्ग २०.२५, २.४ चा ५.७६, बेरीज २६.०१, वर्गमूळ ५.१. मीटरच्या जागी फूट घेतले तरी गुणोत्तर तेच, म्हणून काकांची खळ्यावरची दोरी आणि माझं वर्गमूळ एकाच आकड्यावर आलं. मी कितीतरी वेळ त्या खडूच्या त्रिकोणाकडे बघत उभी होते.

आता एक पाखं ५.१ गुणिले १२, दोन मिळून १२२.४ चौरस मीटर. कौलं १८३६. म्हणजे २१६ कौलं मी मोजलीच नव्हती. फुटतूट धरून १९५० मागवली, आढ्यावरची कौलं वेगळी.

परसातल्या माडाचं काम याच हिशेबाने झालं. सोंड्या भुंग्याने खोड आतून पोखरलं होतं, ते नव्या छपरावर येऊ देणं शक्य नव्हतं. प्रश्न होता, मुळातून तोडून आडवा पाडता येईल का. नकाशात बुंध्यापासून वळचण ११ सेंटिमीटर, म्हणजे ११ मीटर. माडाची उंची कुणी मोजलेली नव्हती. सकाळी ऊन चढल्यावर सपाट जागी दीड मीटरची काठी ओळंब्यात उभी केली, तिची सावली पडली १.२ मीटर. लगेच माडाची सावली बुंध्याच्या मध्यापासून शेंड्यापर्यंत मोजली, कारण पंधरा मिनिटं गेली की दोन्ही सावल्या बदलतात. ती भरली १२.८ मीटर. काठी तिच्या सावलीच्या सव्वापट, तर माडही त्याच्या सावलीच्या सव्वापट: १६ मीटर. अकरा मीटरवरच्या वळचणीला तो सहज पोचला असता, म्हणून माडावर चढणाऱ्या पाडेलीने तो वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवला, दोरीला बांधून, दोन दिवस लागले. आजीने लावलेला माड होता. आई त्या दोन दिवसांत परसात आली नाही.

मे संपता संपता शेवटची रीप ठोकली आणि कौलं चढली. उरलेली साठ-सत्तर मांगराच्या भिंतीला रचून ठेवली आहेत. पहिल्या पावसाच्या रात्री आईने फोन केला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला, आतून पाऊस किती हळू ऐकू येतो ते मला ऐकू यावं म्हणून.